साहेब, आमच्यावर कर बसवा

दर जानेवारीत आमच्या एचआरकडून एक मेल येतं. गुंतवणुकीचे पुरावे, घरभाड्याच्या पावत्या, एलआयसीचे हप्ते वगैरे वगैरे अमुक तारखेच्या आत जमा करा, नाहीतर उरलेल्या पगारांतून टीडीएस कापला जाईल, अशी प्रेमळ धमकी. नवीन रेजीम आल्यापासून ही धांदल बरीच कमी झालीय, पण कँटीनमधली चर्चा काही कमी झालेली नाही. त्या आठवड्यात क्रिकेट, ऑनसाइट आणि अप्रेझल हे तिन्ही विषय मागे पडतात आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं: "आपण एवढा टॅक्स भरतो, आणि मिळतं काय?" मग कोणीतरी हिंजवडीच्या ट्रॅफिककडे बोट दाखवतं आणि सगळे आपापल्या डेस्कवर परत जातात.

१ फेब्रुवारी २०२५ ला मात्र वातावरण वेगळंच होतं. बजेट शनिवारी होतं, त्यामुळे जल्लोष व्हॉट्सॅपवर झाला. बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही, पगारदारांना स्टँडर्ड डिडक्शन धरून पावणेतेरा लाख. अर्थमंत्र्यांनी भाषणातच सांगितलं होतं की यामुळे सरकारचं प्रत्यक्ष करांचं साधारण एक लाख कोटींचं उत्पन्न बुडेल. चार दिवसांनी दिल्लीत विधानसभेचं मतदान होतं. त्याच्या आधीच, जानेवारीत, केजरीवालांनी मर्यादा सातवरून दहा लाख करा अशी मागणी केली होती. म्हणजे विरोधकाने दहा मागितले आणि सरकारने बारा दिले! एक लाख कोटी कुठून भरून काढणार, हा प्रश्न आमच्या ग्रुपवर कोणी विचारला नाही. (मीही नाही. मी केक पाठवला.)

आता हे अमेरिकेत कसं होतं बघा. आमचा क्लायंट तिकडचा असल्यामुळे त्यांच्या राजकारणाची थोडीफार खबर ठेवावी लागते. ग्रोव्हर नॉरक्विस्ट नावाचे एक गृहस्थ आहेत. कधी निवडून आलेले नाहीत. त्यांच्या संघटनेने १९८६ पासून एक कागद फिरवायला सुरुवात केली: मी प्राप्तिकराचे दर वाढवणाऱ्या कुठल्याही प्रस्तावाला विरोध करीन, खाली उमेदवाराची सही. २०१२ पर्यंत तिथल्या संसदेतल्या जवळजवळ प्रत्येक रिपब्लिकन सदस्याची त्यावर सही होती. थोरल्या बुश साहेबांनी १९८८ च्या निवडणुकीत नवे कर लावणार नाही असं जाहीर वचन दिलं, १९९० मध्ये तूट भागवायला कर वाढवले आणि १९९२ मध्ये हरले. तेव्हापासून तो पक्ष ही गोष्ट मुलांना बागुलबुवा दाखवावा तशी आपल्या नेत्यांना सांगतो. २०११ साली कर्जमर्यादेवरून दोन्ही पक्ष असे अडून बसले की ऑगस्टमध्ये स्टँडर्ड अँड पुअर्सने अमेरिकेचं पतमानांकन खाली आणलं. एका बाजूने कर वाढवू देणार नाही, दुसऱ्या बाजूने खर्च कापू देणार नाही. डेडलॉक म्हणतात तो हाच. दोन थ्रेड एकमेकांचं कुलूप धरून बसलेले.

आपल्याकडे असं भांडण होतच नाही. प्राप्तिकर कमी करण्याबद्दल आपल्या पक्षांत अगदी भरतभेट आहे. म्हणून मला इतिहासात जरा खोदावंसं वाटलं की हे पहिल्यापासून असंच होतं का. वडगाव ते शिवाजीनगर लोकलमध्ये वेळ मोकळा मिळतो, बसायला जागा मिळाली तर वाचन बरं होतं. आणि वाचता वाचता डिसेंबर १८८५ मधला एक ठराव सापडला. तो मी दोनदा वाचला. पण तो कळायला थोडं मागे जावं लागेल.

१८५७ च्या उठावाने इंग्रज सरकारची तिजोरी रिकामी केली. ती भरायला लंडनहून जेम्स विल्सन नावाचा माणूस आला. ('द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिक काढणारा तोच.) १८६० च्या फेब्रुवारीत त्याने हिंदुस्थानात पहिल्यांदा प्राप्तिकर आणला. वर्षाला २०० रुपयांच्या वर उत्पन्न असलं की दोन टक्के, ५०० च्या वर गेलं की चार टक्के. मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेलियन याने या कराला जाहीर विरोध केला आणि त्याची गव्हर्नरकी गेली. विल्सन स्वतः त्याच ऑगस्टमध्ये कलकत्त्यात वारला. आपल्याकडे वसईत लोकांनी दंगा केला. लोकांना नुसता पैशाचा राग नव्हता. सरकारी माणूस घरात येऊन तुझी मिळकत किती म्हणून विचारतो, वह्या मागतो, ही गोष्टच नवी होती. पाच वर्षांची मुदत संपली तसा १८६५ मध्ये कर गेला. मग परवाना कर आला, तो दाखला कर झाला, १८६९ मध्ये पुन्हा प्राप्तिकर झाला, १८७३ मध्ये पुन्हा गेला. अगदी आमच्या प्रोजेक्टच्या रिक्वायरमेंटसारखं.

१८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ आपल्या दख्खनला चांगलाच माहीत आहे. पुढच्या दुष्काळासाठी पैसा लागेल म्हणून १८७८ मध्ये सरकारने व्यापारी-कारागिरांवर परवाना कर बसवला. सुरतेत त्यावरून दंगल झाली. या करातली मेख अशी की तो दुकानदाराला होता, पण सरकारी नोकराला नव्हता. वकील-डॉक्टरांनाही नव्हता. म्हणजे चणे-फुटाणे विकणारा फार तर गरिबीमुळे सुटेल, पण जरा बरं दुकान असलेला माणूस कर भरणार, आणि हजारोंनी पगार घेणारा कलेक्टर आणि हायकोर्टातला वकील मात्र मोकळा.

आणि आता १८८५. रशिया अफगाणिस्तानच्या सीमेवर आला म्हणून सरकार लष्कराचा खर्च वाढवायला निघालेलं. त्या डिसेंबरात काँग्रेसचं पहिलं अधिवेशन पुण्यात भरायचं होतं, सार्वजनिक सभेने यजमानपण घेतलं होतं. ऐनवेळी पुण्यात कॉलऱ्याची साथ आली आणि सगळं बिऱ्हाड मुंबईला गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात हलवलं गेलं. ७२ प्रतिनिधी. वकील, संपादक, प्राध्यापक, थोडे व्यापारी. आजच्या भाषेत पांढरपेशे करदाते. खरं म्हणजे कर न देणारे, कारण यांतल्या बहुतेकांना तो परवाना कर लागू नव्हता!

या लोकांनी ठराव केला तो साधारण असा: लष्कराचा वाढीव खर्च आम्हाला मान्य नाही. पण तो टळणारच नसेल तर आधी काटकसर करा. ती पुरली नाही तर आयात जकात पुन्हा बसवा, आणि परवाना कर आज ज्यांना माफ आहे अशा सरकारी व बिनसरकारी वर्गांनाही लावा. मात्र गरिबांना त्रास होणार नाही इतकी वरची मर्यादा ठेवा.

म्हणजे थोडक्यात, 'साहेब, आमच्यावर कर बसवा.'

मी टीममधल्या एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "त्यांचा एचआर वेगळा असणार." :-)

आता त्यांना उगाच संत करून ठेवायला नको. या मागणीत हिशोब होता आणि तो चांगला पक्का होता. 'सरकारी वर्ग' म्हणजे कोण? सर्वांत मोठे पगार घेणारे गोरे अधिकारी. कर त्यांच्या खिशालाही बसला असता, आणि खर्चाची झळ स्वतःला लागली की साहेबही काटकसरीचं बोलू लागतो. आयात जकात म्हणजे मुख्यतः मँचेस्टरचं कापड. १८८२ मध्ये सरकारने आयातीवरची बहुतेक जकात काढून टाकली होती, ती परत आणली असती तर मुंबईच्या गिरण्यांचा फायदाच होता. शिवाय त्याच अधिवेशनात आणखी एक ठराव होता: कायदेमंडळांत लोकांचे प्रतिनिधी वाढवा आणि सगळी अंदाजपत्रकं त्यांच्यापुढे ठेवा. दोन्ही ठराव शेजारी ठेवून वाचले की सौदा दिसतो. आम्ही पैसे देतो, पण मग खर्चावर प्रश्न विचारायचा हक्क आमचा. आपण कँटीनमध्ये 'मिळतं काय' म्हणून जे विचारतो ते यांनीही विचारलं होतं, फक्त पावती फाडायची तयारी दाखवून.

सरकारने काय केलं? ठरावातला आपल्या सोयीचा तुकडा उचलला. अधिवेशन संपून महिनाही झाला नव्हता तोवर प्राप्तिकराचं बिल आलं आणि १ एप्रिल १८८६ पासून कायदा लागू. लष्करी खर्चात काटकसर नाही. आयात जकात आली ती १८९४ मध्ये. आणि जानेवारी १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये केला. मीठ म्हणजे सर्वांत गरीब माणसालाही टाळता न येणारी वस्तू. वरच्या वर्गाने कर देऊ केला तो खालच्यांवरचा भार हलका व्हावा म्हणून, आणि खाली भार वाढला तो वाढलाच.

हा १८८६ चा कायदा आपल्या आजच्या इन्कम टॅक्सचा खापरपणजोबा. वर्षाला ५०० रुपयांपासून पुढे लागू. पगारदाराला २००० पर्यंत रुपयामागे चार पै, त्यावर पाच पै. एका रुपयाच्या १९२ पै, म्हणजे साधारण दोन टक्के आणि अडीचच्या जरा वर. एक उदाहरण घेऊ. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांना महिना ७५ रुपये मिळत. वर्षाचे ९००. गुणिले चार पै, बरोबर १८ रुपये १२ आणे. म्हणजे महिन्याच्या पगाराचा बरोब्बर चौथा हिस्सा, वर्षातून एकदा. फार नाही, पण ७५ रुपयांत घर चालवणाऱ्याला जाणवेल इतका नक्कीच.

त्या प्राध्यापकांपैकी एक होते गोपाळ कृष्ण गोखले.

काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात लगेच पलटी मारली असं वरवर पाहता वाटतं. प्राप्तिकराची मर्यादा ५०० वरून १००० करा असा ठराव झाला. पण मला ती पलटी वाटत नाही. 'वरची मर्यादा ठेवा' ही अट पहिल्याच ठरावात होती आणि ती पाळली गेली नव्हती. तरीही मध्यमवर्गाच्या 'आमची मर्यादा वाढवा' या मागणीचा इतिहास इथून सुरू होतो आणि थेट बारा लाखांपर्यंत येतो, हेही खरंच.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पुण्यातच या सगळ्या मंडळींकडे संशयाने पाहणारा एक माणूस होता. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात त्यांचा रोख असा की शेतसारा, लोकल फंड, जकात, मीठ असं सगळं ओझं कुणब्याच्या पाठीवर, आणि त्यातून पोसले जातात ते गोरे आणि काळे कामगार, त्यांचे पगार आणि पेन्शनी. सार्वजनिक सभेवरही त्यांनी कोरडे ओढले. सभेच्या हिशोबात सरकार विरुद्ध प्रजा असे दोनच पक्ष होते. फुल्यांच्या हिशोबात प्रजेतच देणारे वेगळे आणि खाणारे वेगळे होते. १८८५ च्या ठरावातले 'बिनसरकारी वर्ग' म्हणजे स्वतः ठराव करणारे लोक. तो ठराव फुल्यांच्या आक्षेपाला दिलेलं उत्तर होता असं मी म्हणणार नाही, पण त्या दिशेने टाकलेलं एक पाऊल तरी होता.

२६ मार्च १९०२. गोखले कलकत्त्यात मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलायला उभे राहिले. १८९२ च्या कायद्याने अंदाजपत्रकावर बोलायची परवानगी मिळाली होती. मत द्यायची नव्हती. (म्हणजे रिव्ह्यूला बोलावलंय पण अप्रूव्हलचं बटण नाही!) सरकारकडे सलग काही वर्षं शिल्लक पडत होती आणि सरकार ती भरभराटीची खूण म्हणून मिरवत होतं. गोखल्यांनी आकडे मांडून दाखवलं की देशात प्लेग आणि दुष्काळ चालू असताना तिजोरीत शिल्लक पडते आहे याचा अर्थ एवढाच की लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतलं जातं आहे. मग मागण्या. मिठाचा कर मणामागे आठ आण्यांनी कमी करा. प्राप्तिकराची मर्यादा १००० करा. देशी गिरण्यांच्या कापडावरची जकात काढा.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी मीठ, मग आम्ही. ७५ रुपये पगाराच्या माणसाला मर्यादा वाढल्याचा थेट फायदा होता, आणि तरीही त्याच्या यादीत पहिला नंबर अशा लोकांचा होता ज्यांना प्राप्तिकर म्हणजे काय हे माहीतही नव्हतं. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, सरकारने दोन्ही गोष्टी दिल्या. मीठ दोन रुपयांवर आलं, मर्यादा हजारावर गेली. मिठाचा कर नंतर १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. कापडाची जकात जायला मात्र १९२५ उजाडलं.

आज मिठावर जीएसटी शून्य आहे, काळजी नको. पण प्राप्तिकर स्लिपवर दिसतो आणि जीएसटी बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये दर उतरले, साबण-टूथपेस्ट पाच टक्क्यांवर आली, हे चांगलंच झालं. तरी पाच टक्के माझ्या टूथपेस्टवर आहेत तेवढेच आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या टूथपेस्टवर आहेत. बारा लाखांच्या सवलतीतून त्याला काहीच मिळालं नाही, कारण त्याच्याकडून कापलं जात नव्हतंच. १९०२ च्या त्या यादीत तो पहिला होता. २०२५ च्या व्हॉट्सॅपवर त्याचं नावही निघालं नाही.

आता जरा आमच्या मावळात या, कारण १८८६ च्या कायद्यातली आणखी एक गोष्ट इथे रोज डोळ्यांना दिसते. त्या कायद्याने शेतीचं उत्पन्न प्राप्तिकरातून वगळलं. कारण सरळ होतं: शेतकरी शेतसारा भरतोच आहे, वर पुन्हा कशाला? आणि त्या काळी सारा म्हणजे खरोखर कंबरडं मोडणारी गोष्ट होती. पुढे १९३५ च्या कायद्याने शेती उत्पन्नावरचा कर प्रांतांकडे गेला, राज्यघटनेने तो राज्यांकडे ठेवला. महाराष्ट्राने १९६२ मध्ये तसा कायदासुद्धा केला होता, पण तो कर इथे कधी मूळ धरू शकला नाही. आज राज्यात शेतीच्या उत्पन्नावर कर नाही. शेतसारा महागाईत विरघळून इतका नाममात्र झाला की माझ्या काकांना विचारलं तर त्यांना आकडा आठवायला वेळ लागतो. कारण गेलं, माफी राहिली.

काकांच्या दीड एकर इंद्रायणी भाताबद्दल माझी काहीच तक्रार नाही. खत, मजुरी आणि अवकाळी पाऊस वजा जाता तिथे कर लावायला काही उरत नाही. बहुतेक शेतकऱ्यांची हीच गत असल्यामुळे मर्यादा लावली तरी ते बाहेरच राहतील. पण लोणावळ्याच्या आसपास जे शेतघर नावाचं पीक आलंय ते बघा. स्विमिंग पूल, लॉन, कुंपणाला लागून चार आंब्याची झाडं. जमिनीचंही तसंच. तळेगाव-लोणावळ्यासारख्या दहा हजार ते एक लाख वस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन विकली तर कायद्याच्या लेखी ती भांडवली मालमत्ताच नाही, त्यामुळे नफ्यावर कर नाही. एक्स्प्रेसवे आल्यापासून इथल्या जमिनींचे भाव काय झालेत ते तुम्ही वीकेंडला येताना बोर्ड वाचलेच असतील. दोन किलोमीटरच्या अलीकडचा भाऊ कर भरतो, पलीकडचा नाही. वडगावची ग्रामपंचायत २०१८ मध्ये नगरपंचायत झाली, तेव्हा नळपट्टी-घरपट्टीइतकाच हाही विषय पारावर निघाला होता.

यात दुरुस्ती करायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. १९७२ मध्ये के. एन. राज समितीने शेतधारणेवर कर सुचवला. तो बारगळला, पण दुसरी एक सूचना १९७३ पासून लागू झाली: शेतीचं उत्पन्न करपात्र नसलं तरी इतर उत्पन्नाचा दर ठरवताना ते धरायचं. २००२ मध्ये आपल्या विजय केळकरांच्या कृतिगटाने पुन्हा विषय काढला. राज्यांनी हा अधिकार केंद्राकडे द्यावा, केंद्राने कर गोळा करून राज्यांना परत करावा. काही झालं नाही. एप्रिल २०१७ मध्ये नीती आयोगाचे बिबेक देबरॉय एका पत्रकार परिषदेत म्हणाले की ठरावीक मर्यादेवरच्या शेती उत्पन्नावर कर असावा. दुसऱ्या दिवशी अर्थमंत्री जेटलींनी असा काही विचार नाही म्हणून जाहीर करून टाकलं. एक दिवस! आमच्याकडे प्रॉडक्शन बग सुद्धा इतक्या लवकर फिक्स होत नाही. आणि विरोधी पक्षांपैकी कोणी देबरॉयांच्या बाजूने उभं राहिलं नाही. नॉरक्विस्टला निदान कागदावर सह्या घ्याव्या लागतात, आपल्याकडे कागदही लागत नाही.

उलट दिशेची वचनं मात्र भरपूर. मूळचे इंजिनिअर असलेले अनिल बोकील आणि त्यांची 'अर्थक्रांती' आठवते का? आयात शुल्क सोडून सगळे कर रद्द करायचे आणि त्याऐवजी बँकेच्या प्रत्येक व्यवहारावर एकच छोटा कर. पुण्यात इंजिनिअरिंगच्या होस्टेलांत ते प्रेझेंटेशन पेनड्राइव्हवरून फिरायचं. आपल्या जमातीला ते फार आवडतं, कारण एवढा गुंतागुंतीचा लेगसी कोड एका ओळीत बदलून टाकायचं स्वप्न कोणाला आवडणार नाही? जानेवारी २०१४ मध्ये भाजपच्या व्हिजन समितीचे प्रमुख म्हणून नितीन गडकरींनीही प्राप्तिकर रद्द करण्याचा विचार बोलून दाखवला. एप्रिलमध्ये जाहीरनामा आला त्यात तो मुद्दा नव्हता.

असो. माझ्या स्लिपवर प्राप्तिकराच्या खाली आणखी एक ओळ असते: पीटी, दोनशे रुपये. फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. आमच्यात कोणी त्यावर भांडत नाही, कारण रक्कम फुटकळ. पण ती ओळ कशी आली हे आमच्यात जवळजवळ कोणाला माहीत नाही. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर रोजगार हमी योजना सुरू झाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आधी सांगली जिल्ह्यात विसापूरला ती करून पाहिली होती. मागेल त्याला काम, हे म्हणायला सोपं, पण पैसा? तेव्हा १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, तोही खास या योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराकडून घ्यायचा, बागायती जमिनीवरही आकारणी करायची, आणि जेवढं जमेल तेवढीच भर सरकारने आपल्याकडून घालायची. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मुंबईतला कारकून माणदेशातल्या खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी देतो आहे, हे कायद्यात लिहिलेलं होतं. पुढे २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव समोर होता.

आणि या करावर अलीकडे काय चर्चा होते? सवलतीची. २०२३ च्या राज्याच्या बजेटमध्ये महिलांसाठीची मर्यादा दहा हजारांवरून पंचवीस हजार पगारापर्यंत वाढवली. कमी पगाराच्या बायकांना सूट मिळाली याला माझा विरोध नाही. पण त्या निमित्ताने तरी हे दोनशे रुपये मुळात कशासाठी सुरू झाले ते कोणी सांगायला हरकत नव्हती.

गोखल्यांची गोष्ट मी १९०३ वर सोडली होती. मर्यादा वाढवून घेणारा नेता एवढीच त्यांची ओळख राहिली असती तर हा लेख लिहायची गरज नव्हती. मार्च १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणारं बिल मांडलं. सक्तीही एकदम नाही. एखाद्या भागात ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जात असतील तरच तिथल्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला ती लागू करता येणार. आणि खर्चासाठी त्या संस्थेला शिक्षणाचा खास कर बसवायची परवानगी. नऊ वर्षांपूर्वी कर कमी करा म्हणून उभा राहिलेला माणूस आता लोकांना, म्हणजे आपल्याच मतदारांना, शाळेसाठी जास्त कर द्या म्हणत होता. तेही कुठल्या लष्करासाठी नव्हे, गल्लीतल्या शाळेसाठी, आणि ठरवणार गल्लीतलेच लोक.

वर्षभर मतं मागवली गेली. विरोधाच्या कारणांत एक कारण होतं ते अगदी ओळखीचं: लोक नवा कर सहन करणार नाहीत. हे म्हणणारे सगळे सरकारी अधिकारी नव्हते, आपले जमीनदारही होते. गोखल्यांकडे दाखवायला बडोद्याचं उदाहरण होतं, सयाजीरावांनी १९०६ पासून संस्थानभर शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. त्याचा उपयोग झाला नाही. १९ मार्च १९१२ ला मतदान झालं. बाजूने १३, विरोधात ३८.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. ब्रिटिश मुलखात मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना तशी मुभा देणारं विठ्ठलभाई पटेलांचं बिल १९१८ मध्ये मंजूर झालं. गोखल्यांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.